शर्यतींना ‘नाही’ म्हणणारा उपवनचा रनिंग ग्रूप

ठाण्यातल्या उपवनच्या तळ्याकाठी मंगळवार, गुरुवार आणि रविवारी पहाटे सव्वापाचला आमचा रनिंग ग्रूप जमतो. तीन महिन्यांची फी साडेचार हजार रुपये. वर्तकनगर, वसंतविहार, लोकमान्यनगर, गावंडबाग इथली माणसं जास्त. कळव्याहून आणि कोपरीहून येणारेही आहेत. मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, वय सत्तेचाळीस, हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, हे माझं आवडतं अंतर. गेली काही वर्षं याच ग्रूपबरोबर धावते आहे. वॉर्डातल्या मैत्रिणी आणि सोसायटीतल्या काकू नेहमी विचारतात, पळायला पैसे कशाला द्यायचे, रस्ता तर फुकट आहे. त्यांच्यासाठी आणि ठाण्यात कुठला ग्रूप बघावा या विचारात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. पैसे वसूल होतात. यामागचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे इथले कोच तुम्हाला वाटेल तेवढ्या शर्यती धावू देत नाहीत.

नाव नोंदवल्यावर पहिल्या दिवशी सर बूट उलटे करून तळवे कुठे झिजलेत ते बघतात, जुनी दुखणी विचारतात आणि मग वर्षाचं कॅलेंडर पुढे ठेवून म्हणतात, “यातल्या दोन शर्यती सांगा, ज्यांच्यासाठी तुम्ही खरोखर मेहनत घेणार आहात.” नव्या माणसाला हा प्रश्न जड जातो, कारण त्याच्या मोबाइलमध्ये आधीच चार-पाच नोंदण्या झालेल्या असतात. आपल्या भागात ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा रविवार सापडणं कठीण, जेव्हा कुठेच शर्यत नाही. पाम बीच रोड, खारघर, बीकेसी, पवई, घोडबंदर रोड, कुठे ना कुठे पहाटे कमान उभी असते. प्रत्येक ठिकाणी टी-शर्ट मिळतो, मेडल मिळतं, फोटो मिळतो. ग्रूपमधले आठ जण चालले की नववाही निघतो. यात वाईट काही नाही, धावणाऱ्या माणसाला गर्दीत धावायला आवडतंच. पण दर रविवारी शर्यत असेल, तर सराव कधी करायचा?

सर हा हिशोब फळ्यावर मांडल्यासारखा समजावतात. हाफ मॅरेथॉन पूर्ण ताकदीने धावायची असेल, तर आधीचे सात ते दहा दिवस अंतर कमी करत आणायचं, म्हणजे पाय ताजे राहतात. यालाच टेपर म्हणतात. शर्यतीनंतर जॅक फॉस्टरचा नियम पाळायचा: शर्यतीच्या दर मैलामागे (म्हणजे साधारण १.६ किलोमीटरमागे) एक दिवस जोराचं काही करायचं नाही. फॉस्टर हा न्यूझीलंडचा धावपटू. त्याने १९७४च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत वयाच्या ४१व्या वर्षी मॅरेथॉनचं रौप्यपदक घेतलं, तेही २ तास ११ मिनिटांच्या आसपास वेळ देऊन. चाळिशीनंतर पायांना किती सांभाळावं लागतं हे त्याला कळलेलं होतं, म्हणून आमच्या वयाच्या लोकांना त्याचा शब्द पटतो. त्याच्या नियमाने १० किलोमीटरनंतर सहा दिवस, हाफनंतर तेरा, फुलनंतर, म्हणजे ४२ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉननंतर, सव्वीस. हाफचे आधीचे दहा आणि नंतरचे तेरा धरले की तेवीस दिवस गेले. दर महिन्याला एक हाफ जोरात धावणाऱ्याकडे सरावाला महिन्यात जेमतेम एक आठवडा उरतो. तीन महिन्यांतून एक धावणाऱ्याकडे नऊ-दहा आठवडे उरतात. वेळ सुधारते ती या नऊ-दहा आठवड्यांत. तीच ती वेळ वर्षानुवर्षं निघत राहिलेले बरेच जण मला दिसतात. ते आळशी नसतात, उलट ग्रूपमधले सगळ्यात उत्साही तेच असतात, पण त्यांचं आख्खं वर्ष टेपर आणि विश्रांती यांतच जातं.

नर्स म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. आमच्याकडे हृदयविकाराच्या पेशंटची पूर्वी सीपीके ही रक्ततपासणी सर्रास व्हायची. स्नायूला इजा झाली की हे एन्झाइम रक्तात वाढतं. लांब शर्यत जोरात धावलेल्या निरोगी माणसाचंही सीपीके दुसऱ्या दिवशी बरंच वर गेलेलं असतं आणि खाली यायला अनेक दिवस घेतं. पाय दुखायचे थांबले म्हणजे आतलं काम संपलं, असं धरून चालू नये. दमश्वास लवकर भरून निघतो, स्नायूंतली साखर एक-दोन दिवसांत परत साठते, पण स्नायूंचे धागे, त्याहून जास्त टेंडन आणि हाडं सावकाश बरी होतात. हाडाला ताण सोसून पुन्हा घट्ट व्हायला काही महिने लागतात. म्हणून सलग शर्यतींचा हंगाम करणाऱ्याचं दुखणं पहिल्या शर्यतीत येत नाही, चौथ्या-पाचव्या शर्यतीनंतर नडगीत येतं. मग एमआरआय, मग सहा-आठ आठवडे धावणं बंद.

याला जोडून एक गोष्ट तळमळीने सांगते. दर आठवड्याला शर्यत धावणाऱ्यांत गोळी घेऊन उभं राहायची सवय वाढते आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असली दुखणं मारणारी गोळी पहाटे घ्यायची आणि आपल्या दमट हवेत दोन-अडीच तास घाम गाळत पळायचं, याने किडनीवर थेट ताण येतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी किडनीकडे जाणारं रक्त आणखी कमी करते. गोळी घेतल्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं राहता येत नसेल, तर ती शर्यत सोडून द्यावी. आमच्या सरांनी ग्रूपमध्ये हा नियमच करून टाकला आहे आणि तो मोडणाऱ्याला ते त्या दिवशी धावू देत नाहीत. माझ्या मते फीमधले निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

शर्यतींच्या त्यांनी तीन पायऱ्या केल्या आहेत. ‘ए’ म्हणजे मोठी. तिच्यासाठी पूर्ण टेपर, पूर्ण ताकद. वर्षात दोन, फार तर तीन, आणि त्यांत फुल असेल तर ती एकच. ‘बी’ म्हणजे रंगीत तालीम. तिच्यासाठी दोन-तीन दिवस हलकं घ्यायचं, मोठ्या शर्यतीच्या वेगाने अर्धं-पाऊण अंतर धावून बघायचं, तोच नाश्ता, तेच बूट, तेच मोजे. ‘सी’ म्हणजे रविवारची लांब धाव, फक्त छातीवर नंबर लावून. त्यात घड्याळाकडे बघायचं ते वेग वाढत नाही ना हे तपासायला. प्रत्येक शर्यतीपुढे अक्षर लिहून द्यायचं आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ते बदलायचं नाही. हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड. कमानीखाली ढोल वाजायला लागले की ‘सी’ची ‘ए’ कधी होते ते कळत नाही. म्हणून सर त्या दिवशी आपला एक जुना धावपटू सोबत देतात. तो ठरलेल्या वेगाने पळतो आणि आपण त्याच्या पुढे जायचं नाही.

माझ्या वर्षाचं उदाहरण देते. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन, ही ‘ए’. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचं. लोक चढाला घाबरतात, पण पाय मोडतात ते उताराने. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावतो, त्यात धाग्यांची झीज सगळ्यात जास्त होते. त्यामुळे साताऱ्यानंतर फॉस्टरचे तेरा दिवस पुरत नाहीत, सर आम्हाला तीन आठवडे देतात. या तयारीसाठी ठाणेकरांसारखी सोय कुणाकडेच नसेल, कारण उपवनवरून वळलं की येऊरचा चढ सुरू होतो. मंगळवारी आम्ही तिथेच असतो, घोळक्याने, टॉर्च घेऊन. अंधारात एकट्याने वर जायला बंदी आहे, कारण ते बिबट्याचं रान आहे. आणि उतरायचा सराव चढण्याइतकाच मन लावून करून घेतात, हे मी दुसऱ्या कुठल्या ग्रूपमध्ये ऐकलेलं नाही.

त्यानंतर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी टाटा मुंबई मॅरेथॉनची हाफ, ही दुसरी ‘ए’. मध्ये चार महिने मिळतात. त्यात नवरात्र आणि दिवाळी येतात. नऊ दिवस उपास करणाऱ्या आम्ही बऱ्याच जणी आहोत. सर उपास सोडा म्हणत नाहीत, त्या आठवड्यात वेगाचा सराव काढून टाकतात आणि घटांनंतर लगेच कुठलीही शर्यत लावत नाहीत. डिसेंबरमध्ये वसई-विरारची शर्यत येते, मुंबईच्या महिना-सव्वा महिना आधी, ती ‘बी’ म्हणून अगदी योग्य जागी बसते. एवढंच. फेब्रुवारीत मी काही धावत नाही. मुलाची दहावी आहे, रविवारची सकाळ त्याची.

आता माझ्यासारख्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. सरांनी पहिल्याच महिन्यात माझा ड्युटीचा तक्ता मागून घेतला. “सिस्टर, तुमची नाइट म्हणजे माझ्या वहीत एक लांब धाव आहे,” असं ते म्हणाले आणि त्यांनी तसंच धरलं. नाइटच्या आठवड्यात मला अंतर कमी, शर्यत तर नाहीच. ज्या महिन्यात दोनदा नाइट लागते त्या महिन्यात ‘सी’सुद्धा नाही. इंटरनेटवरचा तयार बारा आठवड्यांचा आराखडा हे करू शकत नाही. त्याला माहीतच नसतं की सीटवर बसून लोकलने परत येणाऱ्या आणि आठ तास उभं राहून परत येणाऱ्या माणसाचे पाय वेगळे असतात. शर्यती किती धावाव्यात याचं उत्तर वयावर आणि वेगावर जितकं अवलंबून असतं, तितकंच झोपेवर असतं. आमच्या ग्रूपमधल्या एका बेस्टच्या कंडक्टरदादांना वर्षात एकच ‘ए’ दिली आहे आणि त्यांची वेळ गेल्या हंगामात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त सुधारली.

यावर वादही होतात, आणि मला ते आवडतात. कळव्याहून येणारा एक तरुण मुलगा आहे, पायात चांगला वेग आहे. त्याने एका गुरुवारी युकी कावाउचीचं नाव काढलं. कावाउची हा जपानचा धावपटू, सैतामा प्रांतात शाळेच्या कार्यालयात नोकरी करायचा आणि जवळजवळ दर आठवड्याला कुठे ना कुठे शर्यत धावायचा. २०१८ साली बोस्टनला गारठवणाऱ्या पावसात त्याने भल्याभल्यांना मागे टाकून मॅरेथॉन जिंकली. १९८७ नंतर तिथे जिंकलेला तो पहिला जपानी पुरुष. “सर, त्याला कुठे विश्रांती लागायची?” असा त्या मुलाचा प्रश्न. सरांनी तो टाळला नाही. ते म्हणाले, कावाउची नोकरीमुळे दिवसातून एकदाच धावायचा, त्याला जोराच्या सरावाला सोबत नव्हती, म्हणून शर्यत हाच त्याचा जोराचा सराव होता. सगळ्या शर्यती तो जीव तोडून धावत नव्हता. आणि लहानपणापासून आईच्या देखरेखीखाली धावलेला पाया त्याच्याकडे होता. “तुझा पाया तीन वर्षांचा आहे. शर्यतीला सराव म्हणून धावून दाखव, मग दर महिन्याला जा.” मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. शर्यतींची संख्या मुळात चुकीची नसते, प्रत्येक वेळी जीव तोडणं महाग पडतं.

शर्यतीची भूक भागवायला ग्रूपने एक चांगली सोय केली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ५ किलोमीटरची टाइम ट्रायल असते. फी नाही, मेडल नाही, शिट्टी वाजते आणि सगळे सुटतात. वेळ वहीत लिहून ठेवतात. पाच किलोमीटरनंतर शरीर दोन-तीन दिवसांत परत येतं, म्हणून ती महिन्यातून एकदा पूर्ण जोर लावून धावली तरी चालते. आपली प्रगती होते आहे का हे कळायला दुसरं काही लागत नाही. सत्तरीकडे झुकलेले लोकमान्यनगरचे एक काका शर्यतींना जात नाहीत, फक्त ही टाइम ट्रायल धावतात आणि दर वेळी वहीतला आपला जुना आकडा बघून घेतात.

काही बाबतींत माझं सरांशी पटत नाही. नवशिक्यांवर ते फार कडक आहेत. पहिल्या सहा महिन्यांत एकही शर्यत नाही, हा नियम हाफ आणि फुलसाठी बरोबर आहे, पण १० किलोमीटरला तो लावू नये. नव्या माणसाला सुरुवातीची रेटारेटी, पाण्याच्या टेबलापाशी वेग कसा राखायचा, नंबर कुठे लावायचा, रात्री झोप न येणं, हे सगळं अनुभवानेच कळतं. चार ते सहा आठवड्यांतून एक १० किलोमीटर, आरामात, हे नवशिक्याला झेपतं आणि त्याचा हुरूप टिकतो. दोन-तीन चांगल्या मुली या नियमामुळे कंटाळून ग्रूप सोडून गेल्या, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन. करोनाच्या काळात बंद पडलेली ही शर्यत २०२५च्या ऑगस्टमध्ये पुन्हा झाली. सर ती कुणालाच ‘ए’ म्हणून देत नाहीत. त्यांचं म्हणणं खरं आहे की पावसात रस्ता निसरडा असतो, हवेत दमटपणा एवढा की घाम सुकतच नाही आणि अंग तापत जातं, शिवाय साताऱ्याला महिनाच उरलेला असतो. पण ही आपल्या गावची शर्यत आहे. रस्त्याच्या दुतर्फा आपले शेजारी उभे असतात, शाळेची मुलं ओरडत असतात. ती ‘सी’ म्हणून का होईना, प्रत्येक ठाणेकराने धावावी. मी धावणार, आणि हे मी सरांना सांगितलं आहे. त्यांनी माझ्या वहीत ‘सी’ लिहिलं, शेजारी वेगाची मर्यादा लिहिली.

बाकी उणिवा. ताकदीचे व्यायाम फारच कमी, गुरुवारी शेवटची दहा मिनिटं उरकल्यासारखी होतात. चाळिशीपुढच्या बायकांना स्क्वॉट आणि पोटरीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा हवेतच, ते मी घरी करते. पहाटे बायकांसाठी स्वच्छतागृहाची काहीच व्यवस्था नाही, ही सगळ्यात मोठी अडचण, आणि ग्रूपने जवळच्या एखाद्या सोसायटीशी बोलून ती सोडवायलाच हवी. गेल्या वर्षापासून बॅच मोठी झाली आहे, त्यामुळे वहीतल्या नोंदी सर स्वतः बघायचे ते आता कधी कधी मदतनीस बघतात. रविवारचा मार्ग रात्री दहानंतर कळवतात, सकाळच्या ड्युटीवाल्यांचे त्याने हाल होतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून लिहिते. सर कुठल्याही शर्यतीची घाऊक नोंदणी करून देत नाहीत आणि त्यातून सवलत किंवा कमिशन घेत नाहीत. शर्यत धावू नको असं सांगणाऱ्याचा त्यात स्वतःचा पैसा अडकलेला नसावा, तरच त्या सल्ल्यावर विश्वास बसतो. खर्चाचंही बघा. एका शर्यतीची नोंदणी हजार ते अडीच हजार, त्यात पहाटे तीनची रिक्षा किंवा टॅक्सी, कधी आदल्या रात्रीचा मुक्काम. मुंबई मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडते म्हणून ठाण्याहून दादर आणि तिथून माहीमला हाफच्या सुरुवातीला पोचता येतं, इतर शर्यतींना ती सोय नसते. महिन्याला एक शर्यत कमी केली तर तेवढ्यात ग्रूपची फी निघते आणि वर चांगले बूटही येतात.

कुणी यावं? हाफची वेळ काही वर्षं एकाच जागी अडकलेल्यांनी, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी, चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि एकदा तरी दुखापतीने हंगाम गमावलेल्यांनी. पुढेमागे मुंबईची फुल धावायची असेल, तर अर्ज करताना आधीच्या शर्यतीच्या वेळेचं प्रमाणपत्र लागतं. ती पात्रतेची शर्यत वर्षात कुठे बसवायची हे ठरवायलाही इथे चांगली मदत होते. फक्त मजेसाठी, मैत्रिणींबरोबर गप्पा मारत दर महिन्याला १० किलोमीटर धावायचे असतील, तर हा ग्रूप घेऊ नका. त्यात काही गैर नाही, शरीरालाही ते चालतं, फक्त त्यासाठी कोचची फी भरायची गरज नाही.

नवी बॅच दर तिमाहीला सुरू होते. पहिला आठवडा पैसे न भरता धावून बघता येतं. मंगळवारी येऊ नका, आम्ही येऊरला वर गेलेलो असतो. गुरुवारी सव्वापाचच्या आधी तळ्यापाशी या, सोबत पाण्याची बाटली आणि या वर्षात केलेल्या सगळ्या नोंदण्यांची यादी आणा.